उसना नेलेला ढेरीवाला 'व'

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खिळा आहे. खिळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर भिंतीत ठोकलेला, कॅलेंडर लटकवायचा खिळा आला असेल. तो माझा कोणी लागत नाही. छापखान्यात ज्या ठोकळ्यावर एकेक अक्षर उलटं कोरलेलं असतं, त्यालाही खिळाच म्हणतात. माझ्या अंगावर 'व' कोरलेला आहे. नीट पाहिलंत तर तुम्हांला हसू येईल, कारण माझं पोट जरा जास्तच सुटलेलं आहे. खुशाल हसा. नागपूर जिल्ह्यातली कितीतरी माणसं मला हसली आणि त्यांतल्या पुष्कळांनी माझ्याच भरवशावर हळद विकत घेतली.

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत मनोहररावांचा छोटा छापखाना होता. तिथे रुपराव नावाचे कंपोझिटर होते. खिळ्याला खिळा जुळवून लग्नपत्रिका, हँडबिलं आणि दुकानांची लेबलं तयार करणं हे त्यांचं काम. ते मूळचे पारशिवनीकडच्या एका खेड्यातले. धम्मदीक्षा घेतल्यावर थोड्याच दिवसांत ते नागपुरात आले आणि इंदोऱ्यात दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला. घरात त्यांची पत्नी वच्छला आणि जया नावाची मुलगी होती. साठ-एकसष्ट साल असेल. जयाचं नाव शाळेत घातलं तेव्हा तिला खेळायला अक्षरं हवीत म्हणून रुपरावांनी छापखान्यातले टाकाऊ सागवानी ठोकळे घरी आणले. उन्हाळाभर संध्याकाळी अंगणात बसून त्यांनी एकेक मुळाक्षर कोरलं. माझ्या ठोकळ्यात नेमकी एक गाठ निघाली. चाकू तिच्यावर चालेना, म्हणून रुपरावांनी गाठीला वळसा घातला. माझ्या पोटाचं कारण एवढंच आहे, मी काही जास्त खाल्लेलं नाही.

सगळी अक्षरं तयार झाली, ती एका डब्यात भरली आणि मोठ्या कौतुकानं जयासमोर ठेवली. जयानं आपलं पुस्तक आणून शेजारी धरलं आणि ती गोंधळली. बाप्पा रे, आम्ही सगळेच्या सगळे उलटे होतो! ज्या माणसानं आयुष्यभर उलटी अक्षरं हाताळली, त्याच्या हातानं पोटच्या पोरीसाठीही उलटीच कोरली होती. छापखान्याबाहेरच्या कोणाही बापाच्या हातून अशी चूक झाली नसती. रुपराव इतके ओशाळले की डबा उचलून चुलीकडे निघाले.

"थांबा ना वो," वच्छला हसता हसता म्हणाली, "सारी शाळाच उलटी करून ठेवली तुमी. पण ठसा तं सुलटाच उमटन ना?"

तिनं वाटीत नीळ कालवली. रुपराव छापखान्यातून कागदाच्या कापलेल्या पट्ट्या आणत असत, त्यांतली एक जमिनीवर पसरली. मला निळीत बुडवून तिनं कागदावर दाबलं, आणि माझा सुलटा, ढेरपोट्या 'व' उमटला. माझ्या जन्माचा खरा क्षण मी तोच मानतो.

त्या दिवसापासून मायलेकी रोज संध्याकाळी आमच्याशी खेळू लागल्या. जया तर शाळेत शिकतच होती. पण वच्छलेला अक्षरओळख नव्हती, आणि त्याची तिला मनातून फार खंत होती. विहारात बायांची सभा भरे. सभेच्या वहीत सह्या घ्यायचं काम यमुताई करत. एकेक बाई येऊन नाव लिही आणि वच्छलेची पाळी आली की तिचा अंगठा शाईच्या गादीकडे जाई. कोणी काही बोलत नसे, पण तिला ते लागे. तिनं ठरवलं की आधी आपलं नाव शिकायचं. रुपरावांनी तिच्यासाठी अर्धा 'च' आणि एक काना वेगळा कोरून दिला. नावात पहिला नंबर माझा. तिनं सर्वांत आधी ओळखलेलं अक्षर मी होतो, आणि याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

आता माझ्या कैदेची गोष्ट ऐका.

इतवारीत ताराचंद सेठ नावाचे हळदीचे व्यापारी होते. त्यांच्या हळदीचं नाव 'नवल'. मनोहररावांनी लग्नपत्रिकांसाठी पुण्याच्या एका खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीतून मोठ्या, वळणदार अक्षरांचा शिशाचा संच मागवला होता. ताराचंद सेठांना ती अक्षरं फार आवडली आणि त्यांनी आपल्या पुड्यांवरचं 'नवल' त्यांतच छापून घ्यायला सुरुवात केली. एके दिवशी मशीन चालू असताना चौकटीतली एक पाचर सैल झाली, शिशाचा 'व' उसळून बाहेर आला आणि मशीनच्या जबड्यात सापडून चेंगरला. सेठांचा माणूस लेबलांसाठी दारात उभा. फाउंड्रीला तार केली तर उत्तर आलं की सुटं अक्षर विकत नाही, पूर्ण संच घ्यावा लागेल. त्याखाली आणखी एक ओळ होती. ही अक्षरं पत्रिकांना वगैरे खुशाल वापरा, पण कोणत्याही मालाची कायमची खूण म्हणून वापरायची असतील, तर त्या वळणावर मालकी आमची आहे आणि परवानगीचे पैसे दरसाल वेगळे पडतील.

मनोहरराव हवालदिल झाले. तेव्हा रुपराव सहज बोलून गेले की माझ्या घरी पोरीच्या डब्यात एक लाकडाचा 'व' आहे, मापही जवळपास तेच आहे. मनोहररावांनी त्यांना तिथल्या तिथे सायकलवर पिटाळलं. वच्छला पाण्याला गेली होती आणि जया शाळेत. रुपरावांनी डब्यातून मला उचललं आणि खिशात टाकलं. विचारायला घरात कोणी नव्हतंच. दोन दिवसांचं काम आहे, आणून ठेवू, असं ते स्वतःशीच पुटपुटल्याचं मी ऐकलं.

छापखान्यात मी शिशाच्या शेजाऱ्यांपेक्षा किंचित बुटका निघालो. रुपरावांनी माझ्या तळाला कागदाचे तुकडे चिकटवून मला उंच केलं. मग डावीकडे 'न', उजवीकडे 'ल', चहूबाजूंनी लोखंडी चौकट आणि फटींत लाकडी पाचरा. पाचरा आवळल्या तेव्हा माझ्या सागवानातून कर्र असा आवाज आला. निळीचा गार ओलावा माहीत असलेल्या मला छापखान्याची चिकट काळी शाई फासली गेली. शाईचा रूळ अंगावरून फिरला आणि माझा 'व' हळदीच्या लेबलावर जाऊन बसला.

दोन दिवस गेले, चार गेले. काम संपलं की इतर खिळे सुटे करून आपापल्या खणांत टाकतात. खणात पडून राहणं हेही काही सुख नव्हे, पण तिथे मोकळं तरी असतं. आम्हां तिघांना मात्र सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लेबलं छापायची होती. म्हणून आम्हांला एकत्र ठेवून भोवती सुतळी गुंडाळली आणि वरच्या फळीवर सरकवून दिलं. सेठांच्या मालाचा जुळलेला मजकूर, कोणी हात लावू नका, असं मनोहररावांनी सर्वांना बजावलं. फळीवर उजेड फारसा येत नसे. 'न' आणि 'ल' मला ओंडका म्हणत आणि माझ्या अंगाला आपलं अंग लागू नये म्हणून तोंड वाकडं करत. सुतळी आवळलेली असल्यामुळे त्यांचं अंग माझ्या अंगाला लागलेलंच असे, आणि आम्हां कोणाचाच इलाज नव्हता.

घरी काय झालं ते मला रुपराव आणि मनोहरराव यांच्या बोलण्यातून कळलं. वच्छलेनं डबा उघडला, मला शोधलं, आणि नवऱ्यानं खरं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली की माझ्या नावाचं डोकंच नेलं तुम्ही. तिनं डब्याचं झाकण लावून तो माळ्यावर टाकला. विहारात तिचा अंगठाच चालू राहिला. हे ऐकलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी तिचा होतो आणि एका सेठच्या मालाच्या नावात मधोमध अडकून बसलो होतो.

इकडे एक गंमत घडत होती. 'नवल' हळद खेड्यापाड्यांत जात होती आणि घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. त्यांनी खूण म्हणून काय धरावं? माझं पोट! पारशिवनीच्या बाजारात बाया दुकानदाराला सांगत, "ढेरीवाली पुडी देजा गा भाऊ." दुसरी कोणती पुडी पुढं केली की ती परत सरकवत. हळूहळू दुकानदारही 'नवल' म्हणायचं सोडून 'ढेरीवाली' म्हणू लागले. हे सेठांच्या कानावर आलं तेव्हा ते खूश झाले नाहीत, उलट त्यांना लाज वाटली. धंदा वाढला होता, धरमपेठेत घर झालं होतं, आणि आपल्या मालाची खूण म्हणजे पोरीच्या खेळण्यातला एक वेडावाकडा ठोकळा!

त्यांनी मनोहररावांना पूर्ण संच मागवायला सांगितला आणि फाउंड्रीच्या दरसालच्या परवानगीचे पैसेही दाखल केले. नवा, गुळगुळीत, चकचकीत 'व' आला. सुतळी सुटली. मित्रांनो, सुतळी सुटताना अंगावर जो काटा येतो तो बांधलेल्यालाच ठाऊक. रुपरावांनी मला रॉकेलनं पुसलं, खिशात टाकलं आणि त्या संध्याकाळी सायकल इतकी जोरात चालवली की मी खिशात नुसता नाचत होतो.

वच्छलेनं मला तळहातावर घेतलं. मग तिनं मला राखेनं घासलं, काळी शाई निघेना तरी घासलं, आणि जयाला माळ्यावरचा डबा काढायला लावला. दुसऱ्याच दिवशी विहारात सभा होती. वच्छला आम्हां सगळ्या अक्षरांना पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेली, सोबत निळीची वाटी. तिची पाळी आली तेव्हा तिनं अंगठा पुढं केला नाही. वहीच्या त्या रकान्यात तिनं आधी मला दाबलं, मग अर्धा 'च', मग 'छ', मग 'ल' आणि शेवटी काना. आम्ही मोठे होतो, रकाना लहान होता, त्यामुळे तिच्या नावानं खालच्या दोन बायांची जागा खाल्ली. बाया पोट धरधरून हसल्या. यमुताईंनी चष्मा सारखा करत नाव वाचलं, वच्छला, आणि वही सर्वांना वर धरून दाखवली. त्या दिवसासारखा दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही.

आठवडा-दोन आठवडे मी घरी होतो. रोज संध्याकाळी निळीत बुडत होतो. मग एके दिवशी भर दुपारी रुपराव घरी आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. वच्छला चुलीपाशी भाकरी थापत होती. त्यांच्या तोंडाकडे पाहूनच तिला कळलं असावं.

झालं होतं असं की नव्या 'व'ची हळद बाजारात गेली आणि परत आली. पारशिवनीहून परत आली, रामटेकहून आली, जरीपटक्याच्या दुकानांतूनसुद्धा आली. माल तोच होता, नावही तेच होतं. पण बाया म्हणाल्या की ढेरी नाही, ही नकली आहे, कोणीतरी फसवून राहिलं. सेठांनी दुकानदारांना शपथा घेऊन सांगितलं तरी उपयोग झाला नाही. ज्या अक्षरावर त्यांनी दरसालचे पैसे भरले होते त्यालाच लोकांनी चोर ठरवलं आणि माझ्यासारख्या फुकटच्याला साव! एरवी मी या गोष्टीवर फुशारलो असतो. पण त्याचा अर्थ काय, हे मला दारात उभ्या असलेल्या रुपरावांकडे पाहून कळत होतं. सेठांनी मनोहररावांना बजावलं होतं, तो लाकडी ठोकळा आजच्या आज हजर करा, नाहीतर माझं सगळं काम दुसऱ्या छापखान्यात जाईल. आणि सेठांचं काम गेलं तर छापखान्यात रुपरावांना काही काम उरणार नव्हतं.

वच्छलेनं हात धुतले. तिनं स्वतः डबा उघडून मला काढलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "पण त्याईले सांगजा, देऊन नाही राहिली मी. उसनं देऊन राहिली."

मी पुन्हा चौकटीत गेलो. पाचरा आवळल्या गेल्या आणि सुतळीला आता दुहेरी गाठ बसली. सेठांनी फाउंड्रीचे पैसे भरणं बंद केलं. मग फाउंड्रीचा माणूस भिंग घेऊन आला. त्यानं लेबल पाहिलं आणि म्हणाला की मधला ढेरपोट्या आमचा नाही, पण बाजूचे दोघं आमचे आहेत. सेठांनी त्यावर लगेच तोड काढली. जयाच्या डब्यातले 'न' आणि 'ल'ही आणवले. रुपराव आले तेव्हा वच्छलेनं डबाच त्यांच्या पुढ्यात सरकवला, असं त्यांनी मनोहररावांना सांगितलं. शिशाचे दोघं गेले आणि माझी सख्खी भावंडं माझ्या दोन्ही बाजूंना आली. मला आनंद व्हायला हवा होता. पण भावंडांची तोंडं पाहिली आणि आपण एकटेच कैदेत होतो तेच बरं होतं असं वाटलं.

वर्षं गेली. किती, ते मी मोजलं नाही. फळीवर असताना दिवस मोजले तर आणखी लांबतात. उन्हाळ्यात माझं लाकूड आकसे, पावसाळ्यात फुगे, आणि सुतळी मात्र दोन्ही ऋतूंत तेवढीच घट्ट. रॉकेलच्या फडक्यानं पुसून पुसून माझ्या अंगावर एक बारीक चीर पडली. छपाईत तिची पांढरी रेघ दिसे. मला वाटलं आता तरी सोडतील, पण बाजारानं ती रेघही खुणेत जमा केली.

एका गोष्टीचा मात्र मला फार राग येई. दर महिन्याला पगार झाला की रुपराव इतवारीतून 'नवल' हळदीची पुडी घेऊन येत आणि आमच्या फळीखाली पिशवी ठेवत. मनोहररावांनी एकदा विचारलं, "काहून गा रुपराव, तुह्या घरी सुटी हळद नाही चालत का? स्वस्त तं तीच आहे." रुपराव म्हणाले की बायकोला हीच लागते, दुसरी आणली तर उंबऱ्याच्या आत घेत नाही. मी फळीवर सुन्न झालो. जिनं मला उसनं दिलं, ती मला कैद करणाऱ्याचीच हळद खात होती? मला वाटलं, वच्छला मला विसरली.

जया मोठी झाली, शिकली, मास्तरीण झाली. अठ्ठ्याहत्तर साली तिचं लग्न ठरलं. रुपरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका जुळवल्या होत्या, आता पोरीची पत्रिका जुळवायची होती. जयानं हट्ट धरला की पत्रिकेवर आईचं नाव डब्यातल्या अक्षरांत छापायचं. 'व' आणि 'ल' फक्त एका दिवसासाठी सोडवायचे होते. मनोहरराव भला माणूस, पण सेठांना विचारल्याशिवाय गाठ सोडायची त्यांची छाती होईना. योगायोगानं सेठ त्याच दुपारी छापखान्यात आले. रुपरावांनी हात जोडून विचारलं.

"रुपराव, पोरीच्या लग्नाले हळद लागन तेवढी माझ्याकडून घेऊन जा," ताराचंद सेठ म्हणाले. "पण अक्षर नको मागू गा. आज पत्रिकेवर आलं, उद्या कोणाच्या मसाल्यावर येईन. मग माझ्याजवळ काय राहते?"

"ते अक्षर माह्या बायकोचं होय, सेठजी."

"असंन. पण आता ते बाजाराचं झालं."

ज्या सेठांना दुसऱ्याच्या अक्षराचे दरसाल पैसे भरणं जाचक वाटलं होतं, ते आता दुसऱ्याच्याच अक्षरावर मालकी सांगत होते. मला बोलता आलं असतं तर मी त्यांना हे तिथल्या तिथे सुनावलं असतं. रुपरावांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांनी सेठांची फुकटची हळद घेतली नाही. खणातले साधे, झिजलेले खिळे उचलून त्यांनी पत्रिका जुळवली. 'वच्छला' जुळवताना त्यांचा हात माझ्या फळीकडे गेला, सुतळीच्या गाठीवर क्षणभर थांबला आणि परत फिरला. त्या पत्रिकेच्या शाईचा वास माझ्यापर्यंत येत होता. तो दिवस मी कसा काढला ते मला विचारू नका.

त्यानंतर काही वर्षांनी शहरात खिळ्यांऐवजी फोटोवरून छापायची ऑफसेटची छपाई आली. सेठ थकले होते आणि दुकान त्यांचा मुलगा कृष्णकांत पाहत होता. धरमपेठेतल्या एका चित्रकारानं त्याला परदेशी अक्षरांचं जाडजूड पुस्तक दाखवलं आणि यातलं वळण घ्या, परवानगीचं मी पाहून देतो असं सांगितलं. कृष्णकांतला परत आलेल्या पुड्यांची गोष्ट घरात ऐकून ऐकून पाठ झाली होती. त्यानं सांगितलं की काहीही करा, ढेरी तेवढी ठेवा. मग आमचा एक स्वच्छ छाप काढला गेला आणि त्याचा फोटो घेतला गेला. मित्रांनो, फोटो निघाला त्या क्षणाला माझी गरज संपली. माझं पोट, माझी चीर, सगळं त्यांच्याजवळ राहिलं. मी तेवढा उरलो.

एवढ्या वर्षांची सुतळी एका पोऱ्यानं ब्लेडनं सटकन कापली. मी सुटलो म्हणेपर्यंत शिशाचे सगळे खिळे वितळवायला पोत्यात भरले गेले. लाकूड काही वितळत नाही. 'न' आणि 'ल' कुठे गेले ते मला आजही माहीत नाही. छापखान्यातलं एक टेबल डगमगत होतं. कोणीतरी मला उचललं आणि त्याच्या पायाखाली सारलं. आता माझ्यावर कागदाच्या रिमांचा भार होता आणि माझा 'व' फरशीवर पालथा पडला होता. सुतळीत असताना निदान आठवड्यातून एकदा शाईचा स्पर्श तरी होई. इथे केरसुणीशिवाय माझ्याकडे कोणी वळत नव्हतं. वाटलं, संपलं आपलं.

रुपराव तोवर निवृत्त झाले होते. एके दिवशी ते मनोहररावांना भेटायला आले. बाकावर बसून चहा पिताना त्यांची नजर खाली गेली. त्यांनी कप बाजूला ठेवला, गुडघे धरत खाली बसले आणि टेबलाचा पाय एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं मला ओढून काढलं. टेबल कलंडलं, रिमा घसरल्या. मनोहरराव ओरडले नाहीत. "घेऊन जा गा," ते म्हणाले, "लई दिवस राहिलं उसनं."

वच्छलेचे केस पांढरे झाले होते. तिनं मला तळहातावर घेतलं, तसंच, पहिल्यासारखं. जया माहेरी आली होती. जुन्या आठवणीनं तिनं निळीची वाटी शोधायला सुरुवात केली, कारण त्या संध्याकाळी विहारात सभा होती. मीही आतून अगदी तयार झालो. इतकी वर्षं वच्छलेचा अंगठा माझ्यामुळे शाईत बुडत राहिला होता, ते सगळं आज मी फेडणार होतो.

विहारात यमुताईंनी वही पुढे केली. वच्छलेनं पदराची गाठ सोडून मला बाहेर काढलं आणि वहीशेजारी ठेवलं. मी निळीची वाट पाहत होतो. तिनं पेन मागून घेतलं. सवयीनं वाकली आणि रकान्यात लिहू लागली. पहिलं अक्षर उमटलं आणि मी पाहतच राहिलो. तो मीच होतो. तेच सुटलेलं पोट, गाठीला घातलेला तोच वळसा. माझ्या अंगावरची चीरसुद्धा तिनं सोडली नव्हती, 'व'च्या पोटात एक बारीक मोकळी जागा ठेवली होती. पुढं अर्धा 'च', 'छ', 'ल' आणि काना, झरझर, न थांबता.

यमुताई हसल्या. "वच्छलाबाईचा 'व' काही बारीक होत नाही," त्या म्हणाल्या.

"कसा होईन?" वच्छला म्हणाली. "हळदीच्या पुडीवरून पाहून पाहून शिकली ना मी. दुसऱ्या पुडीवर हा नोयता."

मग तिनं मला उचललं आणि माझ्या पोटावरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "याले वाटलं असंन, माह्यं नाव याच्यावाचून अडलं."

तेव्हा मला ती हळद कळली. दर महिन्याला ती पुडी घरी का जात होती ते कळलं. मी फळीवर सुतळीत पडून विसरल्याचा दोष तिला देत होतो आणि ती चुलीपाशी बसून, पुडीवरच्या माझ्या ठशावर बोट ठेवून, राखेत मला गिरवत होती. सेठांनी मला बांधलं, पण ते मला छापायचं थांबवू शकत नव्हते आणि छापलेलं अक्षर पाहणाऱ्याच्या डोळ्यात जायचं थांबत नाही.

आता मी जयाच्या त्याच डब्यात आहे. 'न' आणि 'ल'च्या जागा रिकाम्या आहेत. मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कोणाच्या घरातून काही उसनं नेलंत तर आधी त्या घरच्यांना विचारा, आणि काम झालं की परत करा. ती वस्तू लाकडाचा एक क्षुद्र तुकडा असली तरी करा, कारण ती कोणाच्या नावाचं पहिलं अक्षर असेल ते तुम्हांला बाहेरून दिसत नाही. आणि कधी वाण्याकडे हळदीच्या पुडीवर मोठ्या पोटाचा 'व' दिसला, तर त्याला हसा, पण तो सेठचा आहे असं मात्र समजू नका. तो वच्छलाबाईंचा आहे. मी आपला उसना गेलो होतो.